आपण कोण? कुणाकडून आलात? काम काय?

1995 च्या सप्टेंबरात पिएर ओमिड्यार नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने अमेरिकेत घरबसल्या लिलावाची एक वेबसाइट सुरू केली. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. तो 14 डॉलर 83 सेंटला गेला. बिघडलाय हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, तरी त्याने घेतला. जुन्या बाजारातून आपल्यापैकी कुणी अशी खरेदी करून आलं असतं, तर घरच्यांनी पुढची दिवाळी येईपर्यंत जेवताना ऐकवलं असतं. तिकडे त्यातून ईबे उभी राहिली. माणसं मुळात चांगली असतात या श्रद्धेवर आपला बाजार चालतो, असं ओमिड्यार सांगत आले आणि कंपनीनेही ते तत्त्व म्हणून मिरवलं.

2000 साली याच ईबेने आपला एपीआय बाहेरच्या प्रोग्रॅमरांना खुला केला. एपीआय म्हणजे बाजारपेठेचं मागचं दार. पुढच्या दाराने माणसं येतात, चित्रं बघतात, भाव बघून हळहळतात. मागच्या दाराने सॉफ्टवेअर येतं; साठा किती, भाव काय, नवी ऑर्डर आली का, एवढं विचारतं आणि निघून जातं. माणसांच्या चांगुलपणावरची श्रद्धा मात्र पुढच्या दारापाशीच संपते. मागच्या दाराशी टोकन दाखवावं लागतं. आणि ते मिळवायचं, तर भर दुपारी अनोळखी माणसाने बेल वाजवल्यावर साखळी न काढता दाराच्या फटीतून आजी जे विचारते, तेच सगळं विचारलं जातं. आपण कोण? कुणाकडून आलात? काम काय? उत्तरं पटली, तरी चौथा प्रश्न आजीच्या नजरेत असतोच: थांबणार किती वेळ?

या दाराशी मला जावं लागलं ते आमच्या काकांमुळे. पुण्यात त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. घंगाळं, समया, पराती, बंब. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ 2018 च्या ऑगस्टात बंद झालं, तरी इथला माल परदेशी गिऱ्हाइकांना विकणं चालूच राहिलं, आणि अशी परदेशी बाजारपेठ काही एकच नाही. काका त्यांतल्या एकीवर विकतात. कुठल्या ते सांगत नाही, उगाच संबंध बिघडायला नकोत. ज्या घाटाच्या घंगाळात आमच्या आजोबांनी जन्मभर पाणी विसणून अंघोळ केली, त्याच घाटाच्या घंगाळात टेक्सासातली मंडळी बर्फ घालून बिअरच्या बाटल्या ठेवतात. काकांची त्याला हरकत नाही. “घासायला आपल्याला लागत नाही ना,” एवढंच ते म्हणतात.

अडचण निराळीच होती. जुनं घंगाळ हा एकच नग असतो. सकाळी दुकानात सदाशिव पेठेतल्या बाई घासाघीस करून ते घेऊन जायच्या, आणि त्यांच्या घरी ते चिंचेने लखलखीत होईतो रात्री तेच घंगाळ टेक्सासातही विकलं गेलेलं असायचं. मग एक तर टेक्सासची माफी मागायची, नाही तर सदाशिव पेठेतून घंगाळ परत आणायचं. यातलं सोपं कुठलं, हे सांगायला नकोच.

“तू कॉम्प्युटरवाला ना?” काका म्हणाले. “दुकानातून माल गेला की तिकडून आपोआप उतरायला हवा, असं काहीतरी कर बघू.”

“करता येईल, काका. पण त्यासाठी टोकन लागेल.”

“टोकन कशाला? पासवर्ड घे की!”

काकांचा पासवर्ड काकूंना ठाऊक आहे, माझ्या चुलतभावाला आहे, भांड्यांचे फोटो काढणाऱ्या पोराला आहे, सीएच्या हाताखालच्या मुलीला आहे. ज्यांना पाठ नाही त्यांच्यासाठी तो कालनिर्णयाच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिलेला आहे. पासवर्ड गुप्त ठेवावा हे काकांना मान्यच आहे. फक्त एवढी मोठी जबाबदारी एकट्यावर नको, असं त्यांचं मत आहे.

त्यांना हसू नये. अख्खं इंटरनेट एके काळी असंच चालायचं. 2006 च्या आसपास एखाद्या नव्या वेबसाइटवर नाव नोंदवलं की ती लगेच विचारायची, तुमच्या ईमेलचा पासवर्ड द्या, म्हणजे तुमचे मित्र शोधून देतो. लोक द्यायचेही. मित्र सापडायचे. शिवाय तुम्ही दहा वर्षं टाळत असलेल्या माणसालाही तुमच्या नावाने सप्रेम निमंत्रण जायचं. पासवर्डची खोडच अशी, की तो दिला की अख्खाच दिला जातो. घंगाळ एक नग कमी करायला दिलेल्या पासवर्डाने पैसे कुठल्या बँकेत जायचे तेही बदलता येतं. आणि एकाकडून काढून घ्यायचा म्हटला, तर तो सगळ्यांकडूनच काढून घ्यावा लागतो.

यावर उपाय म्हणून ट्विटरमधले ब्लेन कुक आणि आणखी काही मंडळी 2006 च्या अखेरीस कामाला लागली. 2007 मध्ये ओऑथ या व्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली. आज जिचं राज्य आहे ती दुसरी आवृत्ती 2012 च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली. तिची कथा अशी, की मुख्य लेखक एरन हॅमर यांनी त्याच वर्षी जुलैत राजीनामा दिला आणि मसुद्यावरून आपलं नाव काढायला लावलं. जास्त गुंतागुंतीचं आणि कमी सुरक्षित असं काहीतरी समितीने करून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीने शांतपणे नाव काढलं आणि ग्रंथ प्रसिद्ध केला. जगातल्या कितीतरी बाजारपेठांची मागची दारं आज त्याच ग्रंथाबरहुकूम उघडतात.

तर पहिला प्रश्न, आपण कोण?

ईबेचं उदाहरण घेऊ, कारण तिचे नियम सगळ्यांना वाचता येतात, आणि थोड्याफार फरकाने इतरांकडेही तोच मामला आहे. तिथे प्रोग्रॅमर म्हणून नाव नोंदवलं की किल्ल्यांचा जुडगा मिळतो. त्यातली एक नाव सांगणारी, एक गुपित राखणारी. पण असे जुडगे दोन असतात. एक सँडबॉक्सचा, म्हणजे खोट्या बाजाराचा, आणि दुसरा खऱ्याचा. खोट्या बाजारात सगळंच खोटं. गिऱ्हाइकांची नावंसुद्धा ‘टेस्टयूजर’ने सुरू होतात. तिथे तुम्ही लाख डॉलरचं घंगाळ विकू शकता, कुणी घासाघीस करत नाही. या सुखाची इतकी सवय होते, की खऱ्या बाजारात जाताना माणूस हमखास खोट्याच किल्ल्या खिशात घालून निघतो. दारावर एकच उत्तर मिळतं: ओळख पटत नाही. कुठल्या किल्लीत गडबड आहे ते सांगत नाहीत. आजीही सांगत नाही, नुसतं दार लावून घेते.

खऱ्या बाजाराच्या किल्ल्या हातात पडल्या तरी त्या लगेच चालत नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाने ईबेवरचं खातं कायमचं बंद केलं, तर त्याची माहिती तुम्ही तुमच्याकडून पुसून टाकाल, याची सोय आधी दाखवावी लागते. किंवा आमच्याकडे कुणाची माहिती साठवलीच जात नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे अजून एकाही गिऱ्हाइकाची ओळख झालेली नाही, पण त्याला विसरणार कसं, याची तयारी पूर्ण हवी.

दुसरा प्रश्न, कुणाकडून आलात? इथेच या व्यवस्थेतली खरी अक्कल आहे. प्रोग्रॅम दुकानदाराला बाजारपेठेच्याच पानावर पाठवतो. दुकानदार तिथे, बाजारपेठेच्या समोर, स्वतःचा पासवर्ड टाकतो. प्रोग्रॅम तेवढा वेळ पाठ करून उभा. मग बाजारपेठ दुकानदाराला विचारते, हा अमुक प्रोग्रॅम तुमच्या नावाने आलाय, त्याला ही ही कामं करू द्यायची का? ‘मान्य आहे’ म्हटलं की दुकानदाराला परत प्रोग्रॅमकडे पाठवलं जातं. परत कुठे पाठवायचं तो पत्ता आधी नोंदवून ठेवावा लागतो, नाही तर कुणीही मधेच आपलं दार उघडून उभा राहील. ईबेने या पत्त्यालाही एक नाव दिलंय, रूनेम. जिथे सारं जग पत्ता लिहितं, तिथे ईबेकडे पत्त्याचं हे नाव लिहायचं. पत्त्याच्या रकान्यात पत्ता लिहिणारा सरळमार्गी माणूस इथे हटकून अडतो.

तिसरा प्रश्न, काम काय? याचं उत्तर मोघम चालत नाही. “सहज आलो होतो” हे तर अजिबात नाही. कामांची यादी ठरलेली असते, तिला स्कोप म्हणतात. साठा नुसता बघायचा हा एक स्कोप, तो बदलायचा हा वेगळा. ऑर्डरी बघायच्या, पार्सल गेल्याचं कळवायचं, हिशेब बघायचे, सगळं सुटं सुटं. आपल्याकडे जावई घरात शिरला की फ्रिजपासून रिमोटपर्यंत सगळे अधिकार त्याला एकदमच मिळतात. इथे फ्रिज उघडायची परवानगी निराळी आणि आतलं आइस्क्रीम घ्यायची निराळी.

काकांना मी त्या संमतीच्या पानासमोर बसवलं. काकांनी चष्मा लावला. पासवर्ड टाकला, तोही मोठ्याने एकेक अक्षर उच्चारत, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांचीही उजळणी झाली. मग यादी आली. काकांनी ती सातबारा वाचावा तशी वाचली.

“हा अ‍ॅप तुमचा साठा बघू शकेल आणि बदलू शकेल. बदलू शकेल? कोण बदलणार?”

“माझा प्रोग्रॅम, काका. तुम्हीच तर सांगितलंत.”

“आणि ऑर्डरी कशाला बघायच्यात?”

“तिकडे विकलं गेलं की इकडे कळायला नको का?”

“आणि हे ‘तुमच्या वतीने’ म्हणजे? माझ्या वतीने तो काय बोलेल याचा काय भरवसा?”

काकूंनाही बोलावलं गेलं. काकूंनी यादी न वाचताच “कशावर सही करू नका” असा निर्वाळा दिला. शेवटी काकांनी चष्मा काढला आणि अत्यंत जिव्हाळ्याने म्हणाले, “हे बघ, अशा अंगठ्यांपायी लोकांच्या जमिनी गेल्यात. त्यापेक्षा तू आपला पासवर्डच घे ना!”

पासवर्ड काय काय करू देतो, याची यादी कुणीच कधी काकांपुढे ठेवलेली नाही. ठेवली असती तर कालनिर्णय त्यांनी बँकेच्या लॉकरात ठेवलं असतं. पासवर्ड काहीच बोलत नाही म्हणून तो साधा वाटतो. संमतीचं पान आपण काय करणार ते अंगभर सांगत बसतं, म्हणून लबाड दिसतं. हॅमरसाहेबांच्या तक्रारीत ही तक्रार नव्हती, पण ओऑथची खरी अडचण बहुधा हीच असावी. प्रामाणिक माणसाने आपली सगळी कामं आधीच सांगितली, की समोरचा सावध होतो.

अखेर चहा झाला, काका राजी झाले, ‘मान्य आहे’वर टिचकी पडली. पण टिचकीने टोकन मिळत नाही. मिळतो तो नुसता कोड. तो ब्राउझरच्या पट्टीतून, सगळ्यांच्या देखत येतो, म्हणून एकट्याने त्याचा काही उपयोग नसतो. तो कोड आणि पहिल्या प्रश्नातलं गुपित, दोन्ही एकत्र मागच्या दाराशी नेल्यावरच टोकन हातात पडतं. वाटेत कुणी कोड चोरलाच, तर त्याच्याकडे गुपित नसतं. कल्पना छान आहे. फक्त वेळ थोडा असतो. ईबेचा कोड 299 सेकंद चालतो. आपण पाचशेचा आहेर देताना वर एक रुपया घालतो. इथे तीनशेतला एक काढून ठेवलाय.

या 299 सेकंदांत भल्याभल्यांची दांडी उडते ती एका चिन्हापायी. कोडमध्ये # सारखी चिन्हं असतात. वेब पत्त्यात # ला वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा पाठवता येत नाही, त्याचं %23 करावं लागतं. पट्टीतून कोड उचलला तर त्यात आधीच %23 झालेलं असतं. प्रोग्रॅमर तो तसाच पुढे देतो. पुढे एक कर्तव्यदक्ष लायब्ररी बसलेली असते. तिला % दिसतं. पत्त्यात % असं मोकळं कसं, म्हणून ती त्याचं %25 करते. झालं %2523. सोवळ्यात असलेल्याला पुन्हा अंघोळ घातली, की बाजारपेठ त्याला ओळखेनाशी होते. उत्तर येतं, कोड अवैध आहे किंवा दुसऱ्याच कुणाला दिलेला आहे. माणूस कोड तपासतो, किल्ल्या तपासतो, रूनेम तपासतो, घरातल्यांवर चिडतो, आणि तोवर 299 सेकंद उलटून गेल्यामुळे कोड आता खरोखरच अवैध झालेला असतो. म्हणजे उत्तर चुकीचं होतं असंही म्हणायची सोय राहत नाही.

यातूनही पार पडलं की टोकन येतं. चांगली लांबलचक, उच्चार न करता येणारी अक्षरमाळ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर तीनचार वेळा बोटाने सरकवावी लागेल एवढी. पण पाठवायची मात्र नाही. कारण टोकन ज्याच्या हातात, त्याचंच काम होतं. दाराशी तुम्ही कोण हे आता कुणी विचारत नाही, ते सगळं आधीच विचारून झालंय. आता नुसतं टोकन बघतात. आधी एवढी चौकशी आणि नंतर एवढा भोळा कारभार, हे विचित्र वाटतं खरं. म्हणूनच तर चौथा प्रश्न आहे.

थांबणार किती वेळ? ईबे म्हणते 7,200 सेकंद, म्हणजे दोन तास. अ‍ॅमेझॉन आणि एट्सी एका तासात उठवतात. लॅटिन अमेरिकेतली मर्काडो लिब्रे मात्र सहा तास बसू देते. तिकडे पाहुणा जेवल्याशिवाय उठत नसावा. वेळ संपला की टोकनची रद्दी होते. चोराच्या हाती लागलं तरी त्याचं राज्य दोनच तासांचं.

पण मग दुकानदाराला दर दोन तासांनी यादी वाचायला बसवायचं की काय? काकांचा वाचनाचा वेग पाहता ते एकदा बसले की उठलेच नसते. त्यासाठी रिफ्रेश टोकन असतं. ते दाखवलं की दुकानदाराला न उठवता नवं टोकन मिळतं. एट्सीकडे ते 90 दिवस टिकतं. मर्काडो लिब्रेचं एकदाच वापरता येतं, त्याच्या बदल्यात पुढचं मिळतं. ते नीट जपून ठेवलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून आजीपुढे. ईबेचं चांगलं दीर्घायुषी, 18 महिन्यांचं. म्हणजे दिवाळीत संमती दिली, तर पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ती संपणार. ज्या मुहूर्तावर केलेलं काही क्षय पावत नाही म्हणतात, नेमक्या त्याच मुहूर्ताला.

शिवाय दुकानदाराने पासवर्ड बदलला तर ईबेचं हे रिफ्रेश टोकनही मुदतीआधीच रद्द होतं. हे शहाणपणाचंच आहे. पासवर्ड बदलतोय म्हणजे काहीतरी गडबड असणार. काकांच्या बाजारपेठेचाही नियम तोच. काकांनी एके रात्री टीव्हीवर सायबर चोरांची बातमी पाहिली आणि सकाळी उठून पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड रीतसर सगळ्यांना कळवला. काकू, चुलतभाऊ, सीएकडची मुलगी, कुणी राहिलं नाही. कालनिर्णयावर जुना खोडून नवा लिहिला. कळवायचा राहिला तो एकट्या माझ्या प्रोग्रॅमला. कारण त्याला पासवर्ड ठाऊक नसतो, हाच तर त्याचा मोठेपणा. एवढ्या सगळ्यांत जो एकटा नियमाने वागत होता, तोच तेवढा दाराबाहेर काढला गेला.

पुन्हा संमती घ्यायला गेलो, तेव्हा काकांना नवा पासवर्ड आठवेना. कालनिर्णय रद्दीत गेलं होतं. फोटो काढणारं पोर दुसरीकडे नोकरीला लागलं होतं, त्याला फोन केला. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो काढता काढता पासवर्ड घडाघडा म्हणून दाखवला, आणि वर बजावलं, “शेवटचं उद्गारचिन्ह विसरू नका, काका.”

संमतीचं पान उघडलं. या वेळी यादीत एक ओळ नवी होती, कारण काकांनीच मधल्या काळात हिशेबही तिकडूनच यावेत अशी मागणी केली होती. ती ओळ दाखवायला मी बोट पुढे करतोय, तोवर काकांनी ‘मान्य आहे’ दाबलंसुद्धा.

“काका, वाचलं नाहीत?”

“एकदा वाचलंय ना ते! आणि घरच्या माणसावर किती वेळा संशय घ्यायचा रे?”

दर दोन तासांनी, असं त्याचं नेमकं उत्तर होतं. पण काकूंनी चहा आणून ठेवला होता, म्हणून बोललो नाही.